दयेच्या इतिहासाचा शोधक : आचार्य धर्मानंद कोसंबी

तुमच्या नागरिकशास्त्रात मानवी हक्कांचा पाठ येतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला, हे वाक्य तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आरंभी केवळ पुरुषांचा उल्लेख होता. तो बदलून तेथे मनुष्यमात्राचा उल्लेख करवून घेण्याचे श्रेय आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांस दिले जाते, हेही तुमच्यापैकी काहींस ठाऊक असेल. हा पाठ शिकविताना एका मुलाने मला विचारले की, १९४८ सालापूर्वी माणसाला माणसाची दया येत नव्हती काय? वर्ग हसला, पण मला हसू आले नाही. कारण हा प्रश्न पोरकट नव्हे. दुर्बळास मारू नये, परक्यास हीन लेखू नये, आपल्याप्रमाणेच दुसऱ्यासही सुखदुःख आहे हे जाणावे, हा विचार मनुष्याच्या मनात केव्हा उगवला, कोणी वाढविला, कोणत्या काळी तो सुकून गेला, याचा शोध घेण्यात थोर विद्वानांनी आपले आयुष्य वेचले आहे. अशा विद्वानांपैकी एक आपल्या मराठी भाषेत लिहिणारा होता. त्याने शाळेचे शिक्षण फारसे घेतले नव्हते. तथापि पुढे तो कलकत्ता, पुणे, अमदाबाद, काशी, रशिया आणि अमेरिका येथील विद्यापीठांतून आचार्यपदास पोहोचला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सासष्टी महालात, सांखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. घरची स्थिती मध्यम. नारळांच्या बागा हेच काय ते उत्पन्न. लहानपणी प्रकृती नाजूक असल्यामुळे आणि गावात शिक्षणाची सोय नसल्यामुळे मराठी शाळेतील शिक्षणही जेमतेमच झाले. पुढे वडिलांच्या हाताखाली बागेची देखरेख करावयाची, झाडांस पाणी द्यावयाचे, नारळ उतरवावयाचे, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला. कुळाच्या रीतीप्रमाणे वयाच्या पंधरासोळाव्या वर्षी बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. येथवरचे चरित्र पाहिले तर कोणासही असेच वाटेल की, हा तरुण आपल्या बागेत वृद्ध होईल आणि बागेतच त्याचा शेवट होईल.

परंतु मुलाला वाचनाचे वेड होते. हाती पडेल ते मराठी पुस्तक तो वाचीत असे. तुकाराममहाराजांच्या गाथेने त्याच्या मनास धीर दिला होता. अशा स्थितीत १८९७ सालच्या सुमारास 'बालबोध' मासिकाचा एक अंक त्याच्या हाती आला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेले हे मुलांचे मासिक त्या काळी महाराष्ट्रात घरोघर वाचले जाई. एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, एखादी कविता, एखादा निबंध आणि थोडी शास्त्रीय माहिती असे त्याचे सुटसुटीत स्वरूप असे. त्या अंकात गौतम बुद्धाचे संक्षिप्त चरित्र होते. नारळाच्या बागेत बसून धर्मानंदांनी ते वाचले, आणि त्या चार पानांनी त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. ज्या पुरुषाने अडीच हजार वर्षांपूर्वी सर्व प्राण्यांविषयी मैत्री शिकविली, त्याचे मूळचे शब्द कोणते, ते आज कोठे सापडतील आणि ते आपणास वाचता येतील काय, हीच तळमळ त्यांना लागून राहिली.

बालमित्रहो, येथे क्षणभर थांबा. मुलांसाठी काढलेल्या, आपल्या या वार्षिकासारख्याच एका छोट्याशा नियतकालिकातील लेख तो. लिहिणाऱ्यास कल्पनाही नसेल की, आपला लेख गोव्यातील एका अल्पशिक्षित तरुणास सिंहलद्वीप आणि अमेरिका येथवर नेणार आहे. म्हणून छापील पानास, ते कितीही लहान असो, तुच्छ मानू नये.

१८९९ सालच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची थोरली कन्या माणिक अगदी तान्ही होती. चरित्रकाराने ही गोष्ट झाकून ठेवू नये, आणि मीही ठेवीत नाही. करुणेच्या शोधास निघालेल्या या पुरुषाने आपल्या तरुण पत्नीस आणि तान्ह्या मुलीस मागे ठेवून प्रस्थान केले. पुढची सुमारे सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. मोठ्या माणसांच्या मोठ्या कार्याची किंमत पुष्कळदा घरातील दुसऱ्याच कोणी मुकाट्याने चुकविलेली असते, आणि इतिहासात तिचे नाव एका ओळीपुरतेच येते. धर्मानंदांनी स्वतः ही गोष्ट लपविली नाही. 'निवेदन' नावाच्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या गृहत्यागाची हकीकत सरळपणे सांगितली आहे.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि त्यांच्या आश्रयाने संस्कृताचा अभ्यास सुरू झाला. तेथून ग्वाल्हेरीवरून ते काशीस गेले. काशीत अन्नछत्रात एक वेळ जेवावे आणि उरलेला वेळ व्याकरण घोकण्यात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नसे. ज्यांच्या घरी जाऊन मदत मागावी असे कोणी नव्हते. अशा स्थितीत गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यासारख्या पंडितांच्या परंपरेत त्यांनी संस्कृताचा पाया घातला.

१९०२ साली बुद्धाचा धर्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने ते हिमालयाच्या वाटा तुडवीत नेपाळात गेले. तेथे त्यांची निराशा झाली. ज्या पुरुषाने प्राणिहत्येचा निषेध केला, त्याच्याच नावाने चालणाऱ्या प्रदेशात देवतांपुढे पशूंचे बळी पडताना त्यांनी पाहिले. दुसरा कोणी असता तर येथूनच परत फिरता. धर्मानंद बुद्धगयेस आले, तेथून कलकत्त्यास, आणि कलकत्त्याहून जहाजाने सिंहलद्वीपास गेले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगलाचार्य यांच्या चरणांशी बसून ते पाली भाषा शिकले. बुद्धाचा उपदेश ज्या त्रिपिटक ग्रंथांत साठविलेला आहे, त्यांची भाषा पाली होय. हिंदुस्थानात जन्मलेली ही भाषा हिंदुस्थानातच विसरली गेली होती, आणि ती शिकण्यासाठी या भारतपुत्रास समुद्र ओलांडावा लागला! पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तेथील भिक्षूंबरोबर राहिले, ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले आणि ध्यानाचा अभ्यास केला. परत येऊन राजगृह, कुशिनारा इत्यादी बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेली स्थळे त्यांनी पाहिली.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. बंगालमध्ये त्या वेळी स्वदेशीची लाट उसळली होती आणि नवीन राष्ट्रीय महाविद्यालय निघाले होते. तेथे आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात धर्मानंद पाली शिकवू लागले. ज्या पुरुषाजवळ एकही पदवी नव्हती, तो पदवीधरांचा गुरू झाला. त्याच वर्षी ते गोव्यास जाऊन आपल्या कुटुंबास भेटले. पुढे ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना पुत्र झाला. तोच पुढे गणितज्ञ आणि भारताच्या प्राचीन इतिहासाचा नव्या दृष्टीने विचार करणारा विद्वान म्हणून प्रसिद्धीस आलेला दामोदर धर्मानंद कोसंबी होय.

कलकत्त्यास पुढे मोठ्या वेतनाची आशा होती. परंतु आपण मिळविलेले ज्ञान आपल्या मायबोलीतील लोकांस मिळावे, ही धर्मानंदांची आस होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच होती की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि दर वर्षी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी विद्यापीठाचे वेतन सोडले आणि ५० रुपये पत्करले. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेतील गुण आणि पुढे मिळणारा पगार यांचाच हिशेब आपण रात्रंदिवस करतो. हा दुसऱ्या प्रकारचा हिशेबही तुम्हांस ठाऊक असावा. बडोदे येथे त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीस स्थान मिळावे यासाठी डॉ. भांडारकरांनी जो यत्न केला, त्यासही धर्मानंदांचे साह्य झाले.

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांचा व त्यांचा परिचय झाला. हार्वर्डमध्ये एक काम अडून पडले होते. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांचा 'विसुद्धिमग्ग' नावाचा थोर पाली ग्रंथ शुद्ध करून छापावा, असा संकल्प हेन्री क्लार्क वॉरेन या अमेरिकन विद्वानाने सोडला होता. वॉरेन लहानपणी झालेल्या अपघातामुळे जन्माचा अपंग झाला होता. तरी त्याने हे काम पुष्कळ पुढे नेले, आणि १८९९ साली त्याचा अंत झाला. ते काम पुरे करण्यासाठी १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. निरनिराळ्या लिप्यांतील प्रती समोर ठेवायच्या, एकेक शब्द ताडून पाहावयाचा, कोठे कोणत्या लेखकाची चूक झाली हे ओळखावयाचे, आणि मूळचा शब्द कोणता असेल तो ठरवावयाचा, असे हे डोळे आणि धीर या दोहोंची परीक्षा पाहणारे काम होते. दयेचा इतिहास लिहावयाचा तर आधी दयेचे शब्द शुद्ध करून घेतले पाहिजेत. पाठ अशुद्ध असेल तर त्यावर रचलेला इतिहासही अशुद्धच होणार.

परंतु येथे त्यांना एक कटू अनुभव आला. या ग्रंथमालेचे प्रमुख प्राध्यापक चार्ल्स लॅनमन हे मोठे संस्कृतज्ञ होते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव घालावे, यावरून दोघांत मतभेद झाला. ज्याने श्रम केले त्याचे नाव श्रमाच्या जागी असावे, एवढेच धर्मानंदांचे म्हणणे होते. ते मान्य होईना, तेव्हा १९१२ साली ते काम अर्धवट टाकून स्वदेशी परतले. काही लोक म्हणतील की, जो निरिच्छ होता त्याला नावाचा एवढा सोस कशासाठी? पण तसे म्हणणे बरोबर नव्हे. त्यागाने आपला हक्क सोडणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याने तो हिरावून घेतला असता मान खाली घालणे ही अगदी निराळी गोष्ट. तुमच्या घरी मागावर बसणारे, विडी वळणारे आईवडील हा फरक कोणत्याही पंडितापेक्षा चांगला जाणतात.

१९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. तेथे त्यांच्या हाताखाली जी शिष्यमंडळी तयार झाली, तीत पुढे नामांकित झालेले प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट आणि प्रा. चिंतामण विनायक जोशी होते. होय, 'चिमणरावां'च्या गोष्टी लिहून महाराष्ट्रास हसविणारे चिं. वि. जोशी ते हेच. १९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले, तेव्हा धर्मानंद माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांस बरोबर घेऊन गेले. जिला तान्ही असताना मागे ठेवून गेले होते, त्या कन्येस त्यांनी आता अमेरिकेतील महाविद्यालयात शिकविले. त्या काळी हिंदुस्थानातील मुलींस इयत्ता चौथीच्या पुढे पाठविणारे बाप किती होते, याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. जुनी चूक बोलून भरून निघत नाही. ती कृतीने थोडीबहुत भरून काढता येते.

अमेरिकेतील मुक्कामात त्यांनी आणखी एक विद्या मिळविली. त्यांनी समाजवादावरील ग्रंथ वाचले, कारखान्यांतील मजुरांच्या स्थितीचा अभ्यास केला. जुन्या ग्रंथांतील करुणा आणि नव्या काळातील मजुराची भूक यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला. १९२२ साली परत आल्यावर महात्मा गांधींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात त्यांनी काम केले. पुन्हा हार्वर्डला जाऊन त्यांनी विसुद्धिमग्गाचे संशोधन पुरे केले. १९२९ साली प्रा. श्चेरबात्स्की यांच्या लेनिनग्राड येथील बौद्ध विद्येच्या संस्थेत ते गेले. १९३० साली स्वदेशी येताच मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्रेपन्न वर्षांचा हा प्राध्यापक पुस्तके मिटून शिरोड्याच्या सत्याग्रहात सामील झाला आणि त्याने तुरुंगवासही सोसला.

आता त्यांच्या अभ्यासाचे मर्म सांगतो. १९३५ साली त्यांनी 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' हा ग्रंथ लिहिला. मला ठाऊक असलेल्या मराठी पुस्तकांत मानवदयेचा संगतवार इतिहास सांगणारा असा ग्रंथ विरळा. वैदिक संस्कृती, श्रमण संस्कृती, पौराणिक संस्कृती आणि पाश्चात्य संस्कृती अशा क्रमाने अहिंसेचा विचार कोठे वाढला, कोठे दबला, राजांच्या आणि पुरोहितांच्या स्वार्थाने तो कसा झाकोळला, हे त्यांनी त्यात दाखविले आहे. सरते शेवटी त्यांचा निष्कर्ष असा की, नुसती दया पुरेशी नाही आणि नुसती बुद्धीही पुरेशी नाही. बुद्धीवाचूनची दया दुबळी होऊन मठात बसते. दयेवाचूनची बुद्धी तोफा ओतते आणि दुसऱ्यांचे देश जिंकते. या दोहोंची जोड झाली तरच मनुष्यजातीस भवितव्य आहे. त्यांची सर्वच मते सर्वांस पटली नाहीत. जुन्या धर्मग्रंथांविषयी त्यांनी स्पष्टपणे लिहिल्यामुळे अनेकांची मने दुखावली आणि वादही झाले. पण प्रमाण दाखवा, मत बदलतो, अशी त्यांची वृत्ती होती.

त्यांची शोधाची रीत कशी होती याचे एक उदाहरण सोलापूरच्या मुलांस चटकन समजेल. एक रोगी, एक म्हातारा, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहून सिद्धार्थाने रात्री गुपचूप राजवाडा सोडला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. 'भगवान बुद्ध' या आपल्या मराठी ग्रंथात धर्मानंदांनी ती कथा तपासली. प्राचीनतम सुत्तांत त्यांना निराळी हकीकत आढळली. शस्त्र हाती घेतल्याने भय कसे उत्पन्न होते, हे एका जुन्या सुत्तात आले आहे. त्यावरून आणि इतर आधारांवरून त्यांनी असे अनुमान काढले की, शाक्य आणि कोलिय या शेजारी कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत, आणि आप्तांविरुद्ध शस्त्र उचलणे नको वाटल्यामुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला असावा. तो रात्री चोरून गेला नाही. आईबाप रडत असता, सर्वांच्या देखत गेला, असेही त्यांनी जुन्या सुत्ताच्या आधारे दाखविले. ज्यांच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात घागरीसाठी भांडणे होतात, त्यांना हे अनुमान दूरचे वाटणार नाही. आणि हे लिहिताना १८९९ सालच्या गोव्यातील एका घराचे दार त्यांच्या डोळ्यांपुढे आले नसेल, असे मला वाटत नाही. साहित्य अकादमीने या ग्रंथाची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करविली आहेत.

परंतु ग्रंथ लिहून त्यांचे समाधान झाले नाही. १९३७ साली जुगलकिशोर बिर्ला यांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी मुंबईस परळ येथे 'बहुजन विहार' उभारला. परळ म्हणजे त्या काळी कापडगिरण्यांचे आगर. गिरणीचा भोंगा वाजला की हजारो माणसे चाळींतून बाहेर पडत आणि सायंकाळी थकून परतत. अशा वस्तीत, मजुरांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बंधूंच्या शेजारी, हार्वर्ड आणि लेनिनग्राड पाहिलेला हा पंडित राहावयास गेला. विद्वत्तेचे शेवटचे स्थान ग्रंथालयातच असते असे नाही; ज्यांच्या दुःखाचा इतिहास आपण लिहितो त्यांच्या दारीही ते असू शकते, हे त्यांनी आचरून दाखविले.

आपल्या सोलापुरातही १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. तिच्या मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि एके काळी त्यांच्या भोंग्यांवर गावाचे घड्याळ चाले. ते भोंगे आता थांबले. त्या गिरण्यांतील कामगारांची नातवंडे-पणतवंडे आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमागांवर पाळ्या करतात. त्यांपैकी कित्येकांची मुले आमच्या वर्गांत तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तीन भाषा एका दप्तरात घेऊन येतात. म्हणून परळच्या त्या विहाराची गोष्ट मला परकी वाटत नाही.

धर्मानंदांचे अखेरचे दिवस सेवाग्राम येथे गेले. वार्धक्याने आणि व्याधीने शरीर जर्जर झाले होते. आपल्या हातून आता सेवा होणार नाही, उलट इतरांस भार होईल, असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी अन्नत्याग केला. पूर्वी एकदा गांधीजींनी त्यांना या विचारापासून परावृत्त केले होते. ४ जून १९४७ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या या अखेरच्या निर्णयाचे अनुकरण कोणी करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. वृद्ध आणि रोगी माणूस आपल्यास भार नव्हे. त्यास तसे वाटू न देणे हे आपले कर्तव्य आहे, असेच मी मुलांस सांगेन. तथापि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यावर भार टाकला नाही, त्याच्या मनातील संकोच आदराने समजून घेतला पाहिजे.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५० साली, हार्वर्डने विसुद्धिमग्गाची ती प्रत प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वॉरेन यांच्या नावासोबत धर्मानंद कोसंबी यांचेही नाव छापले गेले. ज्या नावासाठी ते १९१२ साली काम सोडून परतले होते, ते नाव अडतीस वर्षांनी आपल्या जागी आले. पाहावयास मात्र ते स्वतः नव्हते. तोवर त्यांनी स्वतः हाच ग्रंथ १९४० साली नागरी लिपीत मुंबईहून प्रसिद्ध करून देशबांधवांच्या हाती दिलेला होता.

आता वर्गातील त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. १९४८ सालापूर्वीही माणसाला माणसाची दया येत होती. पण ती वारंवार विसरलीही जात होती. तिची भाषा विसरली गेली, तिचे ग्रंथ परदेशी गेले, तिच्या नावाने बळीही दिले गेले. प्रत्येक पिढीत कोणीतरी ते विसरलेले शब्द शोधून, पुसून, शुद्ध करून पुन्हा लोकांच्या हाती द्यावे लागतात. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा हेही असेच एक पुसून लिहिलेले पान आहे, आणि तेही पुन्हा विसरले जाण्याचे भय आहेच. इतिहास शिकावयाचा तो यासाठी.

पालकांसही एक विनंती आहे. पाळीवरून घरी आल्यावर हा अंक मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. तुम्हांस स्वतः वाचता येत नसेल तर तो अधिकच अगत्याने ऐकावा. धर्मानंदांस शाळा फार लाभली नाही. एक मासिक लाभले. तुमच्या मुलांस शाळाही लाभली आहे. आणि ज्या दिवशी तुमचे मूल एखाद्या दूरच्या शोधासाठी घर सोडावयास निघेल, त्या दिवशी त्याला अडवू नये; परंतु मागे राहणाऱ्यांची आठवण मात्र त्याच्या शिदोरीत जरूर बांधून द्यावी.